दिंडोरीच्या आबांचं इटालियन पदक

आमच्या घरात माझ्या छंदाला छंद असं कुणी म्हणत नसे. नवरा म्हणायचा, "हिचे बिल्ले." सासूबाई म्हणायच्या, "ते गंजकं." मी मात्र 'संग्रह' म्हणायचे, आणि तेही जरा ठासून. परदेशी पदकं, टोपीवरचे बिल्ले, जुनी सन्मानपत्रं असं मी जमवत होते. नव्वदीच्या त्या वर्षांत आमच्या शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका मधल्या सुट्टीत साड्यांवर बोलत, तेव्हा मी खिडकीपाशी भिंग घेऊन बसलेली असायचे. शिष्ट म्हणून माझं नाव झालं होतं आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

याला जबाबदार देवळाली कॅम्प. लग्न होऊन तिथं आले आणि पहिल्याच आठवड्यात तोफांच्या सरावानं खिडकीची काच थरथरली. मी घाबरून उभी राहिले. सासूबाईंनी मेथी निवडता निवडता मानसुद्धा वर केली नाही. बाजारात लष्करातून बाहेर पडलेल्या वस्तूंची दुकानं होती: बूट, पाण्याच्या बाटल्या, पट्टे, आणि एखाद्या खोक्याच्या तळाशी बटणं आणि बिल्ले. नवऱ्यासाठी पट्टा घ्यायला म्हणून गेले आणि त्या खोक्यात हात घालून बसले. हाताला एक पितळी पक्षी लागला. दोन डोकी, एक मुकुट, खाली न कळणारी अक्षरं. मी इतिहास शिकवायचे. न कळणारी अक्षरं दिसली की मला चैन पडत नाही. पट्टा दुकानातच राहिला आणि पक्षी घरी आला.

जमवणं सोपं असतं, ओळख पटवणं अवघड. पदक हातात आलं की आधी कडी पाहायची, ती मूळची आहे की मागाहून डाग देऊन जोडलेली. मग कडेवर नाव किंवा नंबर कोरलाय का ते पाहायचं. मग बटर पेपर ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासायची, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उठावाची रेषही कागदावर उतरते. तो कागद वहीत चिकटवायचा. माझ्या वहीचे दोन भाग होते, 'ओळख पटली' आणि 'ओळख पटायची आहे'. पुराव्याशिवाय पहिल्या भागात काही जाणार नाही, असा माझा नियम होता. वर्गातही मी मुलींना दरडावून सांगायचे की इतिहासात 'असं असेल' चालत नाही. हा नियम मी एकदाच मोडला, आणि ते आता सांगायचं आहे.

दुसरा नियम, पदक घासायचं नाही. तो मात्र आमच्या घरात पहिल्याच दसऱ्याला मोडला. दसऱ्याला घरातल्या झाडून सगळ्या धातूच्या वस्तू बाहेर निघतात आणि चिंच-राखेनं लख्ख होतात. सासूबाईंनी माझी चार पदकंही तांब्या-पेल्यांबरोबर घासली आणि हळद-कुंकू वाहून पाटावर मांडली. मी दोन दिवस धुसफुसत होते. "अहो, तो काळा थर म्हणजे त्याचं वय असतं," मी म्हटलं. "वय झालं म्हणून अंघोळ घालायची नाही का?" असं त्यांनी विचारलं, आणि नवरा इतका हसला की मी त्याच्याशीही बोलणं सोडलं.

पुढं एका स्थानिक वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत माझ्या संग्रहावर चार ओळी छापून आल्या. लिहिणाऱ्यानं मला 'पदकांची डॉक्टर' करून टाकलं. मग काय, दवाखाना सुरू झाला. कुणी पाण्याच्या मीटरचं झाकण घेऊन आलं, कुणी कुत्र्याच्या गळ्यातला परवान्याचा बिल्ला. एका गृहस्थांनी मखमलीत गुंडाळून जे आणलं होतं, ते परदेशी बिस्किटांच्या डब्याचं झाकण निघालं. मी तोंडावर सांगून टाकायचे. नवरा म्हणाला, "निदान चहा पाजून सांगत जा." तेवढी सुधारणा मी केली.

त्याच वर्षी हिवाळ्यात एका रविवारी सकाळी आबा आले. आबा म्हणजे दिंडोरीकडच्या एका गावचे माजी सैनिक. पंचाहत्तरीला टेकलेले, पांढरी टोपी, कोट, ताठ पाठ. सोबत त्यांची सून होती. ती त्यांना आबा म्हणत होती म्हणून मीही आबाच म्हणू लागले. सुनेनं आधी पिशवीतून त्यांच्या बागेतली द्राक्षं काढून टेबलावर ठेवली आणि मग पत्र्याची एक लहान डबी. डबीत एक ब्राँझचं पदक होतं, जुन्या रुपयाहून थोडं मोठं, पाठीमागं टाचणीसकट.

"माझी पदकं मला ठावं हायेत," आबा म्हणाले. "ती सरकारची. हे येगळं. लढाईच्या टायमाला मी इटलीत व्हतो. तिथं एका म्हातारीनं दिलं मला." मी विचारलं, "कोण म्हातारी?" तर म्हणाले, "व्हती एक." त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या. "याच्यावर कुनाचं नाव हाय का, आन् हे कशाचं हाय. येवढं सांगा, बाई."

सुनेनं उरलेलं सांगितलं. दर सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत झेंडावंदनाला आबा आपल्या पदकांशेजारी हेही लावतात. कशाचं म्हणून विचारलं तर सांगत नाहीत. आता शाळेच्या भिंतीवर गावातल्या माजी सैनिकांची पाटी लागणार होती. "ह्यांच्या नावापुढं काय लिवायचं, त्ये सरपंच इचारत्यात," ती म्हणाली. "आबा म्हंत्यात, कळल्याबिगर काय लिवू नका."

मी पदक भिंगाखाली धरलं आणि कपाळाला हात लावायचाच बाकी राहिला. सगळा उठाव झिजून गुळगुळीत झालेला. पन्नासेक दसरे त्यानं चिंच-राख खाल्ली होती. आधी आबांच्या बायकोच्या हातची आणि ती गेल्यावर सुनेच्या. "देवाच्या भांड्यासंगं घासते मी," सून अभिमानानं म्हणाली. नाव कुठंच नव्हतं. एका बाजूला दोनच शब्द वाचता येत होते, 'आल मेरितो'. माझ्याकडच्या फाटक्या शब्दकोशात त्याचा अर्थ मिळाला, कर्तबगारीबद्दल. दुसऱ्या बाजूला एक गोलसर फुगवटा होता आणि त्याच्या डोक्यावर दोन्हीकडं फाकलेलं काहीतरी.

मी पदक उजेडात तिरकं केलं आणि मला दिसलं. जळता बॉम्ब. खाली गोळा, वर ज्वाळा. कितीतरी देशांच्या सैन्यात टोपीवर हे चिन्ह असतं, माझ्याकडच्या परदेशी बिल्ल्यांच्या छापील कॅटलॉगमध्ये इटलीच्या पानावरही होतं. तोफखान्याच्या गावात राहणाऱ्या माणसाला गोल वस्तूत दुसरं काय दिसणार? टेबलावर चार बोटांच्या अंतरावर द्राक्षांची ताटली होती. मी त्यातलं एक द्राक्ष तोंडात टाकलं आणि म्हणाले, "शौर्यपदक आहे, आबा. इटलीच्या सैन्याचं."

"लढाईतलं?"

"लढाईतलंच. हा बघा बॉम्ब."

त्यांनी पाहिलं नाही. "म्हंजे पोराचंच," असं हळूच म्हणाले आणि टोपी सारखी केली. कोणता पोरगा, हे मी विचारलं नाही. आज हे लिहिताना मला स्वतःचा राग येतो. पितळेच्या तुकड्याला मी शंभर प्रश्न विचारायचे, आणि समोर बसलेल्या माणसाला एकही विचारला नाही. त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, भरून आलं.

"बाई, कागदावर लिवून द्या ना तेवढं," सून म्हणाली. मी लगेच तयार. चांगला जाड कागद काढला, शाईचं पेन काढलं आणि ठळक अक्षरात लिहून दिलं की सदर पदक हे इटालियन सैन्याचं शौर्यपदक असल्याची ओळख मी पटवली आहे. खाली सही, आणि सहीखाली 'इतिहास शिक्षिका'. लोकांची सन्मानपत्रं जमवणारी मी, त्या दिवशी एक सन्मानपत्र स्वतःच तयार केलं. सकाळी त्या पदकावरून पेन्सिलीनं उतरवून घेतलेला कागद संध्याकाळी वहीच्या पहिल्या भागात चिकटवून टाकला.

त्या कागदावरून गावानं पाटी रंगवली. आबांच्या नावापुढं 'शौर्यपदकप्राप्त' असं लाल अक्षरात आलं आणि पंधरा ऑगस्टला पाटीच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणी म्हणून मला बोलावणं आलं. मी शाल घेतली, नारळ घेतला आणि भाषण ठोकलं. "शत्रूच्या मातेनंही ज्यांच्या पराक्रमाला वंदन केलं," असं एक वाक्य मी त्यात घातलं होतं. ते कुठून आलं, मला माहीत नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आबा झेंड्याच्या खांबाशेजारी उभे होते, मान खाली. कार्यक्रम झाल्यावर मला जीपपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "बाई, येवढं बोलाया नको व्हतं." मला वाटलं, केवढा हा विनय! घरी येऊन नवऱ्याला तसं सांगितलंही.

मग चार-पाच वर्षं गेली. दर संक्रांतीला सून कुणाबरोबर तरी द्राक्षांची पेटी पाठवायची आणि आम्ही ती मिटक्या मारत संपवायचो.

नाशिकरोडला सायबर कॅफे निघाले तेव्हा मी शाळा सुटल्यावर तिथं जाऊ लागले. कॉलेजातली पोरं गप्पा मारायला यायची, मी वही काखोटीला मारून पदकं विचारायला जायचे. जगभरचे संग्राहक तिथं भेटत होते. त्यांत इटलीतले एक निवृत्त शिक्षक होते. ते मोडक्या इंग्रजीत लिहायचे, मीही तशाच. मी त्यांना 'ओळख पटायची आहे' मधली तीन पानं स्कॅन करून पाठवली. आणि जाता जाता, आपलंही थोडं कळू दे म्हणून, आबांच्या पदकाचा पेन्सिलीचा कागदही पाठवला. हे मी ओळखलेलं आहे, असं खाली लिहायला विसरले नाही.

चार दिवसांनी उत्तर आलं. सोबत एक फोटो होता. त्या काळी फोटो वरून खाली एकेक पट्टी असा उघडायचा. आधी काळी पार्श्वभूमी आली. मग एका पानाचं टोक आलं. मग पूर्ण पान, पाच बोटांचं. मग त्याच्याशेजारी दुसरं. मग देठ. मग देठाखाली एक मणी, दोन मणी, पाच मणी. मी खुर्चीत मागं सरकले. कॅफेवाल्यानं विचारलं, "मॅडम, लाइन गेली का?" लाइन गेली नव्हती. द्राक्षांचा घड पुरा झाला होता आणि त्याखाली दुसऱ्या बाजूचं चित्र, त्यावर तेच दोन शब्द, तेच पदक, पण कधीही न घासलेलं.

त्या शिक्षकांनी अतिशय सभ्यपणे लिहिलं होतं. हे सैन्याचं नाही. गावोगावच्या शेतकी मंडळींनी प्रदर्शनात उत्तम द्राक्षबागेला दिलेलं बक्षीस आहे. यावर बहुधा नाव नसतं. आमच्याकडं जुन्या घरांच्या कपाटांत अशी पुष्कळ सापडतात.

घरी येऊन मी नवऱ्याला फोटोचा छापील कागद दाखवला. तो आधी खो खो हसला. "अगं, नाशिक जिल्ह्यात राहून तुला द्राक्षाचा घड ओळखता आला नाही?" मग त्याचं माझ्या तोंडाकडं लक्ष गेलं. तो उठला आणि त्यानं चहा टाकला.

ही गोष्ट उन्हाळ्यातली. मी आबांकडं गेले ते ऑक्टोबरात. मधले महिने मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. आधी पेपर तपासायचे होते. मग पाऊस होता. मग दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही फाडली. माझं हसं होईल याची भीती होतीच, नाही असं नाही, पण त्याहून जास्त टोचायची ती पाटी. ऐंशीकडं झुकलेल्या माणसाच्या नावापुढची लाल अक्षरं माझ्यामुळं लागली होती आणि आता माझ्यामुळंच पुसली जाणार होती. गाव काय म्हणेल? म्हातारा इतकी वर्षं द्राक्षाचं बक्षीस शौर्याचं म्हणून मिरवत होता, असंच म्हणेल. आणि आबांनी तर तसं एकदाही म्हटलं नव्हतं. म्हटलं होतं मी.

शेवटी नवरा म्हणाला, "तू जाणार नसशील तर मी जातो." तेव्हा मी निघाले. दिंडोरीपर्यंत एसटी, पुढं जीप. दसरा होऊन आठवडा झाला होता आणि सगळीकडं बागांची छाटणी चालली होती. रस्त्याच्या कडेला कापलेल्या काड्यांचे ढीग पडलेले. आबांच्या बागेत पेठ तालुक्यातून मजुरीला आलेल्या बायका ओळीनं पुढं सरकत होत्या आणि छाटलेल्या काडीवरच्या डोळ्यांना औषधाची पेस्ट लावत होत्या. काडीवर कोंब फुटायची जी जागा, तिला इकडं डोळा म्हणतात. आबा एका पालथ्या क्रेटवर बसून लक्ष ठेवत होते. थकले होते. कोट आता खांद्यावरून ओघळत होता. सून मला पाहून हसत पुढं आली आणि मला आणखीनच कसंतरी झालं.

मी चहाची वाट पाहिली नाही. दुसरा क्रेट ओढून त्यांच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. "आबा, मी चुकले. ते शौर्यपदक नाही. द्राक्षांचं बक्षीस आहे." आणि छापील कागद त्यांच्या हातात दिला.

सूनच आधी बोलली. "बाई, तुमीच लिवून दिलं व्हतं ना? सही करून?" तिचा आवाज चढला होता. "आता गावात आमी काय सांगायचं? पोरं शाळेत जात्यात माझी. पाटीखालून जात्यात."

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "मी सरपंचांना भेटते. सगळ्यांसमोर सांगते."

"थांब गं," आबा म्हणाले. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला. शेतकऱ्याच्या सवयीनं आधी घडाकडंच पाहिलं. "मनी भरलेत चांगलं," म्हणाले. मग विचारलं, "लढाईचं न्हाईच?"

"नाही."

"कुन्या सोल्जराचं न्हाई?"

"नाही, आबा. बागेचं आहे. ज्याची बाग चांगली, त्याला."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. सून घाबरून पाणी आणायला पळाली. मला वाटलं, संपलं, आता याचं पाप माझ्या माथी. पण आबा बोलायला लागले, आणि पन्नास-पंचावन्न वर्षांत जे कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी त्या क्रेटवर बसून मला सांगितलं.

लढाईच्या एका हिवाळ्यात त्यांची तुकडी इटलीच्या डोंगरातल्या एका गावी दोन महिने अडकून पडली होती. बर्फ, चिखल. त्यांना राहायला एका म्हातारीच्या गोठ्यात जागा मिळाली होती. घरात ती एकटीच. घरामागं द्राक्षबाग, आणि छाटायला गावात एकही गडी माणूस उरलेला नाही. आबा तेव्हा विशीतले. घरी बाजरी आणि नागली सोडून काही पाहिलेलं नव्हतं, पण बाई एकटी कात्री घेऊन बर्फात जाते हे बघवेना, म्हणून तिच्यामागं गेले. तिनं त्यांना हाताला धरून शिकवलं. दोन बोटं वर करून दाखवायची, मग काडीवरचे दोन डोळे दाखवायची आणि पुढं कात्री चालवायची. दोन डोळे ठेवायचे, बाकी कापायचं. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. दोन महिन्यांत आबांनी तिची सगळी बाग छाटून दिली. पुढं परत आल्यावर आपल्या रानात द्राक्ष लावायचं धाडस त्यांनी केलं, ते त्या दोन बोटांच्या जोरावर.

"तिच्या भितीवर पोराचा फोटो व्हता," आबा म्हणाले. "वर्दीतला. माझ्याच वयाचा. फोटोपुढं दिवा. रोज संध्याकाळी लावायची. फुलं ठिवायची, वाळल्याली का हुईना. आन् फोटोवर हात फिरवून रडायची. आपल्यात फोटोपुढं दिवा कवा लावत्यात, बाई?"

"माणूस गेल्यावर," मी म्हटलं.

"निघायच्या आदल्या दिशी तिनं मला त्याचा स्वेटर दिला. लोकरीचा. नवाच व्हता. आपल्यात तेराव्याला देत्यात ना, गेलेल्याची कापडं, त्याच्या वयाच्या मानसाला? मला कळलं. मी दोनी हातांनी घेतला, कपाळाला लावला. मग तिनं कपाटातनं हे काढलं आन् माझ्या छातीला टाचलं. मला वाटलं, पोराचं पदक. पोरगा लढाईत गेला आन् सरकारनं घरी पाठवलं. आईनं पोराचं शौर्य काढून मला दिलं. मी काय केलं व्हतं, बाई? काड्या कापल्या व्हत्या."

एवढं म्हणून त्यांनी टोपी काढली आणि परत घातली. त्यांना ते पदक नको होतं. पण खुणेनं नाही म्हणायचं कसं, आणि मेलेल्याची वस्तू परत करायची कशी? ते घेऊन आले. मग दर झेंडावंदनाला लावायचे ते त्या पोराच्या नावानं, आपली सलामी झाली की मनातल्या मनात त्याच्या नावाची आणखी एक ठोकायचे. फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं. म्हणून नाव आहे का, असं त्यांनी मला विचारलं होतं. आणि मी नाव नाही, पण शौर्य आहे, असं सांगून वर सही केली होती. त्यांच्या मनात थोडी जरी शंका उरली असेल तरी ती मी त्या जाड कागदानं मारून टाकली. माझ्या भाषणाच्या वेळी ते मान खाली घालून का उभे होते, ते मला तेव्हा कळलं आणि मी तिथंच, पेस्ट लावणाऱ्या बायकांच्या देखत, रडायला लागले.

"रडू नगा," आबा म्हणाले. "चोरीचं मिरवतोय असं वाटायचं मला. आता तसं न्हाई ना? बागेचं हाय म्हंता ना?"

"बागेचंच. तुम्ही तिची बाग छाटलीत, म्हणून तिनं बागेचं पदक तुम्हाला दिलं. ते तुमचंच आहे, आबा."

सून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तशीच उभी राहून ऐकत होती. आबांनी तांब्या घेतला, दोन घोट प्याले आणि तिला म्हणाले, "सरपंचाला सांग, पाटी पुसा म्हनावं. द्राक्षाचं पदक लिवा. लढाईचं गावात चौघांना हाय. इटलीचं द्राक्षाचं कुनाला हाय?" सून माझ्याकडं पाहून पहिल्यांदा जरा हसली. "मंग लाल रंगातच लिवा म्हनते," ती म्हणाली. तिचा राग पूर्ण गेला नव्हता, पण तिनं जाऊन माझ्यासाठी चहा टाकला.

आबा कागद मांडीवर ठेवून बसले होते. बायका ओळीच्या टोकाला पोचून परत फिरल्या होत्या. मला वाटलं, आता निघावं. तेवढ्यात ते एकदम सरळ झाले, जणू कुणी हाक मारली.

"बाई, मंग फोटोपुढचा दिवा?"

"काय, आबा?"

"पदक पोराचं न्हवतं. मंग पोरगा मेला, हे मला कुनी सांगितलं? कुनीच न्हाई. मीच धरलं." ते माझ्याकडं टक लावून पाहत होते. "तिकडं जित्या मानसापुढं पन दिवा लावत्यात का? सुखरूप यावा म्हनून?"

"लावतात," मी म्हटलं. "मेरीमातेपुढं, देवाच्या आईपुढं लावतात. पोराचा फोटो तिच्या तसबिरीशेजारी असेल."

"आन् स्वेटर? जित्याचा स्वेटर देत्यात? दुसऱ्याला थंडी वाजती, येवढ्याचसाठी?"

"देतात की, आबा."

त्यांचे डोळे भरून वाहायला लागले. पुसायचंही भान नव्हतं. "म्हंजे आला आसंल तो," ते म्हणाले. "लढाई संपल्यावर. चालत आला आसंल घरी."

"आला असेल," मी म्हटलं. "आणि आल्या आल्या आईला विचारलं असेल, माझा नवा स्वेटर कुठाय?"

आबा खदखदून हसले. "दिला एका काळ्या पोराला, म्हनली आसंल," ते म्हणाले, आणि हसता हसता त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली.